खालच्या जबड्यात दाढेमागे कप्प्याकप्प्यांची छाया: सिस्ट समजून काढायचं की आधी बायोप्सी?

तालुका_दंतवैद्य:

नमस्कार मंडळी. पेशंट पुरुष, वय २६. उजव्या खालच्या जबड्याच्या कोनाशी सूज, वर्षभरात हळूहळू वाढलेली. दुखत नाही, ताप नाही, ओठाला बधिरपणा नाही, मानेत गाठी लागत नाहीत. तोंडात ४७च्या (दातांचे आकडे उजव्या खालच्या बाजूचे: ४३ सुळा, ४६ पहिली दाढ, ४७ दुसरी, ४८ अक्कलदाढ) मागे गालाकडचं हाड फुगलंय, जिभेकडूनही बोटाला फुगवटा लागतो. एके ठिकाणी दाबलं की अंड्याच्या कवचासारखी करकर जाणवते. ४६ आणि ४७ किंचित हलतात, पण थंडाच्या चाचणीला दोन्ही नीट प्रतिसाद देतात. ४८ हाडातच आहे, वर रॅमसकडे, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागाकडे, ढकललेला.

ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्सरेत) ४६च्या डिस्टल, म्हणजे मागच्या, मुळापासून रॅमसच्या मध्यापर्यंत काळी छाया, आत लहानमोठे कप्पे, कडा स्पष्ट. ४७ची दोन्ही मुळं कापल्यासारखी आखूड झालीत. नर्व्ह कॅनाल खाली दाबला गेलाय, खालची कड पातळ आहे.

विचार असा आहे की लोकल भूल देऊन उघडून अस्तरासकट सगळं काढावं, पोकळी खरवडावी, कार्नॉय (उरलेल्या पेशी भाजणारं द्रावण) लावावं आणि निघालेलं सगळं लॅबला पाठवावं. घरच्यांनाही तेच हवंय, ‘जबडा कापायचा नाही’ एवढं एकच वाक्य ते धरून बसलेत. अमेलोब्लास्टोमाची (दात घडवणाऱ्या पेशींतून येणारी, कॅन्सर नसलेली पण परत परत येणारी गाठ) शंका मलाही आहे. पण बायोप्सीसाठी एकदा आणि काढण्यासाठी पुन्हा, असं दोनदा उघडण्याने नेमका फायदा काय? आणि खरवडून भागेल का?


एक्सरे_वाला:

आधी ऑपरेशनचा ट्रे बाजूला ठेवा. या वर्णनात अमेलोब्लास्टोमा पहिल्या क्रमांकावर आहेच. तिशीच्या आसपासचं वय, खालच्या जबड्याची मागची बाजू, गालाकडे आणि जिभेकडे दोन्हीकडे फुगवटा, कापल्यासारखी मुळं. केराटोसिस्ट (जबड्यातली केराटिनने भरलेली सिस्ट) असती तर ती हाडाच्या आतून पुढे-मागे पसरली असती, रॅमस अर्धा भरला तरी बाहेर फुगवटा बेताचाच दिसला असता, आणि दातांची मुळं सहसा शाबूत राहिली असती. मिक्सोमा (हाडातली चिकट, बुळबुळीत गाठ) मात्र डोक्यातून काढू नका. त्यातले पडदे बारीक, सरळ, एकमेकांना काटकोनात जाणारे दिसतात. ओपीजीवर ते नेहमी कळत नाहीत. सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा बहुधा दाढांच्या पुढच्या भागात असतो, पण वय बसतंय, तेव्हा यादीत राहू द्या.

यादीतला एक आजार असा आहे की त्याच्यावर सुरी लावली तर पेशंट खुर्चीतच जाऊ शकतो. हाडातलं रक्तवाहिन्यांचं जाळं, म्हणजे व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन. तेही कप्प्याकप्प्यांचंच दिसतं. म्हणून बायोप्सीच्या आधी सुई घालायचीच. हिरड्यातून आपोआप रक्त येतं का, दात दाबला की खाली जाऊन परत वर येतो का, सुजेवर स्टेथोस्कोप ठेवून घुरघुर ऐकू येते का, हेही पाहा. सुई १८ गेजची, सिरिंज १० मिलीची, हाड सगळ्यात पातळ झालंय तिथून. ओढल्यावर काय येतं, त्यावर पुढचं ठरतं. लालभडक रक्त येऊन दट्ट्या आपोआप मागे सरकला तर सुई काढा, बोटाने दाबून धरा आणि तिथेच थांबा, पुढची पायरी अँजिओग्राफी. घट्ट, मळकट पांढरं, पनीरच्या चुऱ्यासारखं काही आलं तर केराटोसिस्टचा संशय वाढतो. त्या द्रवात एकूण प्रोटीन १०० मिलीला ४ ग्रॅमपेक्षा कमी निघालं तर आणखी वाढतो. पिवळसर पाणी आलं म्हणून मात्र ‘साधी सिस्ट’ म्हणू नका, अमेलोब्लास्टोमातही द्रवाने भरलेले कप्पे असतात. काहीच आलं नाही तर ठोस गाठ समजून चाला.

सीटी बायोप्सीच्या आधी करून घ्या, नंतर नको. एकदा उघडलं की आतलं रक्त, हवा आणि सूज यांनी चित्र गढूळ होतं. सीबीसीटी (दातांसाठीची कोन बीम सीटी) स्वस्त आहे, दातांची मुळं आणि कॅनाल छान दाखवते, पण हाड फोडून गाठ स्नायूत शिरली आहे का, हे तिच्यावर कळत नाही. इथे जिभेकडचं हाड पातळ झालेलं दिसतंय, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन नेहमीची मोठी सीटी, १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, हाडाची आणि मऊ भागाची दोन्ही विंडो. कॉन्ट्रास्ट किडनीला झेपेल का, यासाठी क्रिएटिनिन आधी पाहून घ्या. आणि सेंटरवाल्यांकडून नुसती फिल्म घेऊ नका, डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) फाइलची सीडी मागा. पुढे थ्रीडी मॉडेल करायचं झालं तर फिल्मचा काडीचाही उपयोग नसतो, आणि पेशंटला तीच सीटी पुन्हा करावी लागते.


पॅराफिन_ब्लॉक:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता दोनदा उघडण्याचा फायदा सांगते.

डॉक्टर, तुम्ही सगळं खरवडून पाठवलंत आणि आमच्याकडून ‘अमेलोब्लास्टोमा, कन्व्हेन्शनल’ (नेहमीचा, हाडात शिरत जाणारा प्रकार) असा रिपोर्ट आला, तर पुढे काय कराल? पोकळीच्या कडा आता कुठे होत्या ते कुणालाच सांगता येणार नाही. गाठीचे कण गालाच्या स्नायूपर्यंत पोचलेले असतील. पुढच्या सर्जनला मूळ गाठीपेक्षा मोठा भाग कापावा लागेल. बायोप्सीची जखम त्या मानाने काहीच नाही.

नमुना असा घ्या. चीर तोंडातूनच, फुगलेल्या भागावर, नंतरच्या ऑपरेशनमध्ये जी म्युकोसा (तोंडातली आतली त्वचा) काढली जाणार आहे तिच्यातूनच. गालाच्या कातडीतून कधीही नको. त्या वाटेने गाठ कातडीत रुजू शकते. ४७ उपटून खोबणीतून तुकडा काढण्याचा मोह होतो, तोही टाळा, कारण उघडी खोबणी लगेच पिकते, आणि पिकलेल्या अस्तरात ओळखण्याच्या खुणाच पुसल्या जातात. हाडात साधारण १ सेंमीची खिडकी करा. नुसतं द्रवाच्या कप्प्याचं पातळ अस्तर आलं तर आम्ही त्यावर ‘डेंटिजेरस सिस्ट’ (न उगवलेल्या दाताभोवतीची साधी सिस्ट) लिहून मोकळे होऊ, आणि ते चूक असेल. म्हणून जिथे भिंत जाड आहे, जिथे आतल्या बाजूला गाठोडी दिसतात, तिथून, आणि निदान दोन-तीन जागांहून तुकडे घ्या. दातेरी चिमट्याने चिरडू नका. इलेक्ट्रोकॉटरीने कापू नका, जळलेल्या कडेवर पेशी वाचता येत नाहीत.

बाटली रुंद तोंडाची घ्या. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या निदान दहापट. बाजारातलं फॉर्मेलिन तसंच ओतायचं नाही. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग म्हणजे १० टक्के, त्यात फॉस्फेटचे क्षार घालून बफर केलेलं हवं. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये आलेले नमुने आजही येतात. सलाइनमधला तुकडा रस्त्यातच सडायला लागतो. प्रत्येक जागेची बाटली वेगळी, वर जागा लिहा, आणि फॉर्मसोबत ओपीजीची प्रत जोडा. जबड्याच्या हाडातल्या गाठीचा रिपोर्ट एक्सरे न बघता देणं म्हणजे अर्धा अंदाज.

आम्ही शोधतो त्या खुणा विकर्स आणि गॉर्लिन यांनी १९७० साली मांडलेल्या: कडेच्या उंच पेशींची ओळीने मांडणी, गडद केंद्रकं तळाच्या पडद्यापासून दूर सरकलेली, तळाशी मोकळी फिकट जागा. आत ताऱ्यासारख्या विरळ पेशी. पेशींची मांडणी फॉलिक्युलर की प्लेक्सिफॉर्म, याने उपचार बदलत नाही, त्यावर वेळ घालवू नका. युनिसिस्टिक (एकाच कप्प्याच्या सिस्टसारखा प्रकार) आहे का, यानेच खरा फरक पडतो. आणि तो शब्द छोट्या बायोप्सीवर कुणी ठामपणे लिहिला तर जरा सावध व्हा. संपूर्ण अस्तर तपासल्याशिवाय भिंतीत पेशी उतरल्या आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही. भिंतीत उतरलेल्या असतील, म्हणजे म्युरल प्रकार असेल, तर बहुतेक सर्जन त्याला कन्व्हेन्शनलसारखंच वागवतात.

आणखी दोन रिपोर्ट, जे हातात आल्यावर थांबायला हवं. ‘जायंट सेल लीजन’ आला तर काहीही कापण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) तपासा. हायपरपॅराथायरॉइडिझममधला ब्राउन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो, आणि त्याचा इलाज जबड्यात नसून मानेत आहे. ‘क्लिअर सेल’ असा उल्लेख आला तर किडनीची सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्या. किडनीचा कॅन्सर जबड्यात उतरलेला असू शकतो, किंवा क्लिअर सेल ओडोंटोजेनिक कार्सिनोमा असू शकतो, ज्यात ईडब्ल्यूएसआर१ जनुकाची तपासणी मदतीला येते. 

लॅबला एक विनंती फॉर्मवरच लिहा: हाड मऊ करताना नायट्रिक अॅसिड नको, ईडीटीए वापरावं. वेळ जास्त लागतो, पण डीएनए शाबूत राहतो, आणि बीरॅफची (या गाठीत बदललेल्या एका जनुकाची) तपासणी नंतर त्याच ब्लॉकवर करता येते.


हनुवटी_सर्जन:

खरवडण्याबद्दल विचारलंय, तर हिशेब मांडतो.

एक्सरेवर जिथे गाठ संपलेली दिसते तिथे ती संपलेली नसते. कन्व्हेन्शनल अमेलोब्लास्टोमाच्या पेशी स्पंजी हाडाच्या पोकळ्यांतून दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे २ ते ८ मिमी गेलेल्या असतात. क्युरेट (खरवडायचं हत्यार) त्या पोकळ्यांत पोचत नाही. कार्नॉय म्हणजे अॅब्सोल्यूट अल्कोहोल ६ मिली, क्लोरोफॉर्म ३ मिली, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १ मिली आणि फेरिक क्लोराइड १ ग्रॅम. पाच मिनिटं लावलं तर हाडात सुमारे दीड मिमी शिरतं. आठमधून दीड वजा करा, उत्तर तुमच्यासमोर आहे. शिवाय कॅनाल उघडा पडलेला असेल तर तेच द्रव्य नर्व्हही भाजतं. केराटोसिस्टला हे पुरतं, कारण तिची उपपिल्लं अस्तराच्या अगदी जवळ असतात. तिथे अनेक जण आता ५ टक्के फ्लुरोयुरासिल क्रीम लावलेली गॉज पट्टी पोकळीत २४ तास ठेवतात. इथे नको. कन्व्हेन्शनल अमेलोब्लास्टोमा नुसता खरवडला तर जुन्या मालिकांत ६० ते ९० टक्के वेळा परत आलेला आहे.

तेव्हा बायोप्सीत कन्व्हेन्शनल आला तर हाडाचं मार्जिन १ ते २ सेंमी, आणि मऊ भागात गाठीच्या पलीकडचा एक अखंड थर. हाड शाबूत आहे तिथे तो थर म्हणजे पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण). जिथे हाड फोडलंय तिथे पेरिऑस्टियमच्या बाहेरून, स्नायूचा पातळ थर घेऊन जायचं. खालची कड वाचवून नुसता वरचा भाग काढणं तेव्हाच शक्य असतं, जेव्हा मार्जिन सोडूनही खाली निदान १ सेंमी निरोगी हाड उरतं. तुमच्या वर्णनात खालची कडच पातळ आहे. ती ठेवली तर गाठही राहील आणि महिन्याभरात जबडाही मोडेल.

पुढचा छेद कुठे येईल तेही पाहा. छाया ४६च्या डिस्टल मुळाशी संपते. तिथून दीड सेंमी पुढे म्हणजे साधारण ४४. छेद दोन दातांच्या मधून घेतला तर पुढच्या दाताच्या मुळावर हाडच उरत नाही आणि तो दातही जातो. म्हणून ४४ काढून त्याच्याच खोबणीतून करवत चालवायची, म्हणजे ४३ला त्याचं हाड राहतं. मागे रॅमसमधून, कोरोनॉइड (रॅमसचं पुढचं टोक) नमुन्यासोबत, आणि मार्जिन मिळत असेल तर कॉन्डाइल (सांध्यातलं मागचं टोक) वाचवायचा. कॉन्डाइलकडच्या तुकड्यात प्लेटचे निदान तीन स्क्रू बसायला हवेत. तेवढी जागा उरत नसेल तर वाचवलेला कॉन्डाइल नुसता त्रास देतो.

प्लेट कापण्याआधी वाकवायची असते, म्हणजे चावा आणि कॉन्डाइलची जागा बदलत नाही. पण इथे गालाकडचं हाड फुगलेलं आहे, प्लेट त्याच्यावर बसणारच नाही. म्हणून सीटीवरून डावी बाजू उलटवून थ्रीडी मॉडेल छापायचं, २.४ मिमीची रिकन्स्ट्रक्शन प्लेट त्यावर आदल्या दिवशी वाकवून निर्जंतुक करायची. हाडाचं फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून केलेली तपासणी) होत नाही. काढलेल्या तुकड्याचा टेबलावरच एक्सरे काढून दोन्ही टोकांना मार्जिन मोजायचं, आणि फ्रोझनला मऊ भाग पाठवायचा.

इन्फिरियर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या जबड्याच्या कॅनालमधली) गाठीतून जात असेल तर ती नमुन्यासोबत जाते. खालचा ओठ आणि हनुवटी त्या बाजूला बधिर होणार, हे कन्सेंटवर स्पष्ट लिहा. काही केंद्रांत पायाची सुरल नर्व्ह जोडतात, पण संवेदना पूर्ववत होईल असं वचन देऊ नका.

उघडून पाहीपर्यंत तुमच्या हातातलं काम: ४७ किंवा ४८ काढू नका, पेशंटला मऊ जेवण, त्या बाजूने ऊस-चिक्की बंद, कबड्डीसारखे खेळ बंद. अचानक चावा बदलला किंवा टचकन आवाज होऊन दुखलं तर त्याच दिवशी ओपीजी.


तालुका_दंतवैद्य:

सर्वांचे आभार. लोकलमध्ये खरवडण्याचा बेत रद्द. सीटी झाली, जिभेकडचं हाड दोन जागी फुटलंय. सुईने ३ मिली तपकिरी पातळ द्रव आला, रक्त नाही. बायोप्सी वर सांगितल्याप्रमाणे तीन बाटल्यांत गेली.

दोन प्रश्न. पेशंटच्या भावाने इंटरनेटवर वाचलंय की यावर गोळ्या आहेत. आणि कापलेल्या जबड्याच्या जागी पायाचं हाड बसवतात हे सांगताना ‘पायाचं हाड तोंडात’ म्हटलं की आई रडायला लागते. तिला काय सांगू?


पॅराफिन_ब्लॉक:

गोळ्यांचं ऐकलंय ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. २०१४ साली अमेलोब्लास्टोमात बीरॅफ व्ही६००ई हे म्युटेशन सापडलं, खालच्या जबड्यातल्या बहुतांश गाठींत ते असतं. वरच्या जबड्यात एसएमओ या दुसऱ्या जनुकातल्या म्युटेशनचं प्रमाण जास्त. बीरॅफ रोखणारं डॅब्राफेनिब १५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोबत ट्रॅमेटिनिब २ मिग्रॅ रोज एकदा, यावर गाठी लहान झाल्याचे अहवाल आहेत. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ साली या जोडीला, म्युटेशन असलेल्या आणि आधीच्या उपचारानंतरही वाढत गेलेल्या अशा ठोस गाठींसाठी मान्यता दिली, ज्या काढता येत नाहीत किंवा पसरल्या आहेत. या पेशंटची गाठ काढता येते. ताप, पुरळ, हृदयाची कार्यक्षमता उतरणं, डोळ्यांचे त्रास हे सगळं २६ वर्षांच्या मुलाला कशासाठी द्यायचं? पुन्हा पुन्हा उलटलेली, कवटीच्या तळाशी पोचलेली किंवा फुप्फुसात गेलेली गाठ असेल तर तो वेगळा विषय, आणि तो कॅन्सर रुग्णालयाच्या ट्यूमर बोर्डात ठरतो. बीरॅफची तपासणी मात्र आता करून ठेवा. व्हीई१ अँटिबॉडीने इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री होते, खर्च जनुक तपासणीपेक्षा कमी.


फिब्युला_फ्लॅप:

बायोप्सीत अमेलोब्लास्टोमाच आला तर आईंना पहिल्यांदा हे सांगा: हा कॅन्सर नाही, रेडिएशन आणि केमो लागणार नाही, पण अर्धवट काढला तर परत येतो. मग पायाबद्दल. पोटरीत दोन हाडं असतात. शरीराचं वजन पेलतं ते जाड टिबिया, आपण घेतो ते बाजूचं बारीक फिब्युला. घोट्याकडे आणि गुडघ्याकडे ६ ते ८ सेंमी हाड तसंच ठेवतात, त्यामुळे घोटा डळमळीत होत नाही आणि गुडघ्याजवळची पेरोनियल नर्व्ह सुरक्षित राहते. चालता येतं. काहींना अंगठा वाकवायला जोर कमी पडतो, तेही आधीच सांगा.

कमरेचं हाड नुसतं बसवणं हा पर्याय ५ ते ६ सेंमीपर्यंतच्या जागेला, आणि तोंडाशी उघडा संबंध नसेल तर. इथे ४४पासून रॅमसपर्यंत जागा त्याहून बरीच मोठी पडेल, आणि तोंड उघडणारच आहे. रक्तपुरवठा नसलेला तुकडा लाळेत पिकतो. फिब्युला स्वतःची पेरोनियल धमनी घेऊन येतं, ती मानेतल्या फेशियल धमनीला जोडतात.

ऑपरेशनआधी दोन्ही पायांची सीटी अँजिओ करून घ्या. काही लोकांत पावलाचा सगळा रक्तपुरवठा पेरोनियल धमनीवरच असतो, त्या पायाचं हाड घेतलं तर पाऊलच धोक्यात येतं. फिब्युलाची उंची जबड्यापेक्षा बरीच कमी. एकच थर बसवला तर पुढे इम्प्लांट खोल जातात आणि दात लांबलचक होतात. तरुण पेशंटमध्ये जबड्याच्या आडव्या भागात दुहेरी थराचा विचार सर्जनशी बोला. इम्प्लांट साधारण सहा महिन्यांनी, हाड जुळल्याचं पाहून.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस फ्लॅप (रक्तवाहिनीसकट बसवलेलं हाड आणि कातडी) दर तासाला तपासतात. सुई टोचल्यावर लाल रक्त सावकाश आलं तर ठीक. काळपट रक्त भराभर आलं आणि कातडी निळसर दिसली तर शीर तुंबली आहे, काही तासांत परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. म्हणून हे काम रात्रीही मायक्रोव्हॅस्क्युलर टीम हजर असते अशाच ठिकाणी पाठवा. मुंबई, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत निदान पक्कं होईल. फ्लॅपसाठी त्यांची प्लास्टिक सर्जरीशी जोडणी आहे का, ते विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली करायचं असेल तर रेशनकार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट आणि सीटी घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. पूर्वमंजुरी मिळण्याआधी ऑपरेशन करून घेऊ नका. प्लेट आणि थ्रीडी मॉडेल पॅकेजमध्ये धरलेत का, तेही तेव्हाच.


हनुवटी_सर्जन:

पाठपुराव्याचं राहिलं. परत येणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या पाच वर्षांत दिसतात, पण दहा वर्षांनंतर आलेल्याही नोंदलेल्या आहेत. पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि ओपीजी, पुढे वर्षातून एकदा, निदान दहा वर्षं. छातीचा एक्सरे वर्षातून एकदा, कारण गाठ क्वचित फुप्फुसात जाते, आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली साध्याच दिसणाऱ्या पेशींनी. ओपीजीत फक्त जुन्या कडा पाहू नका. बसवलेल्या हाडातही ती उगवते, आणि जिभेकडे जिथे हाड फुटलं होतं तिथल्या मऊ भागात आली तर ओपीजीवर दिसतच नाही. तिथे बोट फिरवून पाहायचं, शंका आली तर एमआरआय. आणि पेशंटला त्याचा पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्सचा नंबर लिहून द्या. जुना ब्लॉक हाताशी असेल तर उलटलेल्या गाठीची तुलना करणं आणि बीरॅफ पुन्हा तपासणं दोन्ही सोपं जातं.